मॉनिटर इंचांत मोजावा की कोनांत?

२२ सप्टेंबर २०२५ रोजी वस्तू व सेवा करातील एक जुनी सीमारेषा पुसली गेली. तोपर्यंत ३२ इंचांपर्यंतच्या संगणक-मॉनिटरवर १८ टक्के आणि त्याहून मोठ्या मॉनिटरवर २८ टक्के कर होता. आता दोहोंवर १८ टक्केच आहे. बातमी दरांची असल्यामुळे ती एका दिवसात जुनी झाली. पण तिच्यातून एक गोष्ट उघड होते. इतकी वर्षे कायद्याला मॉनिटरविषयी एकच भौतिक राशी ठाऊक होती, ती म्हणजे कर्णाची लांबी.

ग्राहकाची स्थिती याहून फारशी वेगळी नाही. बेंगळूरुच्या एस. पी. रोडवर, पुण्यात किंवा नागपुरात संगणकाच्या दुकानात शिरलेला विद्यार्थी प्रथम इंच विचारतो, मग किंमत, आणि फार तर हर्ट्‌झ. खोक्यावर टीएन, आयपीएस, व्हीए, ओएलईडी अशी अक्षरे छापलेली असतात. त्यांचा अर्थ दुकानदार ‘हे साधे, हे चांगले, हे भारी’ एवढ्या तीन शब्दांत सांगतो. वस्तुतः त्या अक्षरांत भौतिकशास्त्राचे एक संपूर्ण प्रकरण दडलेले आहे, आणि त्यातील एक महत्त्वाचे पान बेंगळूरुतच लिहिले गेले आहे. ते पान माहीत असलेला ग्राहक पैसे अधिक शहाणपणाने खर्च करील. ते पान माहीत असलेले शासन कदाचित संशोधनाचा पैसाही अधिक शहाणपणाने खर्च करील.

ओएलईडी वगळता या सर्व पडद्यांचा गाभा एकच आहे: काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये कोंडलेला, काही मायक्रोमीटर जाडीचा द्रवस्फटिकाचा थर. द्रवस्फटिक ही अवस्था १८८८ मध्ये प्राग येथे फ्रिडरिख रायनित्सर या वनस्पतिशास्त्रज्ञाला कोलेस्टेरिल बेंझोएट तापवताना आढळली. त्या पदार्थाला दोन वितळबिंदू असल्यासारखे दिसत होते. पहिल्यानंतर तो वाहू लागे, पण गढूळ राही. दुसऱ्यानंतरच स्वच्छ द्रव होई. मधल्या अवस्थेत रेणू द्रवासारखे सरकतात, पण स्फटिकासारखी दिशा पाळतात. दिशा असली की प्रकाशाला दोन अपवर्तनांक भेटतात. ध्रुवण एका दिशेने असेल तर एक, काटकोनात असेल तर दुसरा. यालाच द्वि-अपवर्तन म्हणतात.

१९७१ मध्ये मार्टिन शाट आणि वोल्फगांग हेल्फ्रिख यांनी स्वित्झर्लंडमध्ये या गुणाचा उपयोग करणारी रचना प्रसिद्ध केली. दोन्ही काचांवर रेणूंची दिशा परस्परांशी काटकोनात ठेवली, म्हणजे मधल्या थरात कांडीसारखे रेणू जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे हळूहळू ९० अंशांत वळतात. ध्रुवित प्रकाशही त्यांच्याबरोबर वळतो आणि समोरच्या ध्रुवकातून पार होतो. विद्युतदाब दिला की कांड्या उभ्या राहतात, वळण मोडते, प्रकाश अडतो. पिळलेल्या रेणूंची ही रचना म्हणजे टीएन. पुढे इंग्लंडमधील हल येथे जॉर्ज ग्रे यांच्या गटाने खोलीच्या तापमानाला टिकणारे द्रवस्फटिक तयार केले आणि मनगटी घड्याळांपासून गणकयंत्रांपर्यंत सर्वत्र हा पडदा पोहोचला.

टीएनचा दोष त्याच्या रचनेतच आहे. करड्या छटा दाखवताना थराच्या मध्यातील कांड्या एका बाजूला झुकलेल्या असतात. एका बाजूने पाहणाऱ्याला कांडी टोकाकडून दिसते, तर दुसऱ्या बाजूने पाहणाऱ्याला ती आडवी दिसते. दोघांच्या डोळ्यांत पोहोचणाऱ्या प्रकाशाने वेगवेगळे द्वि-अपवर्तन सोसलेले असते, म्हणून एकाच पिक्सेलची छटा दोघांना निरनिराळी दिसते. पूर्ण काळ्या स्थितीतही काचेलगतच्या कांड्या पृष्ठभागाला चिकटून असल्यामुळे पुरत्या उभ्या राहत नाहीत, आणि तिरक्या दिशेने प्रकाश गळतो. खालून पाहिल्यास उजळ भाग काळवंडतात आणि गडद भाग उजळतात, हा अनुभव जुना लॅपटॉप वापरलेल्या कोणालाही आहे.

येथे बेंगळूरु येते. सी. व्ही. रामन यांनी स्थापन केलेल्या रामन संशोधन संस्थेत ध्रुवित प्रकाशाच्या अभ्यासाची परंपरा होती. एस. पंचरत्नम यांचे १९५६ मधील गाजलेले काम त्याच परंपरेतले. शिवरामकृष्ण चंद्रशेखर यांनी १९७० च्या दशकाच्या प्रारंभी तेथे द्रवस्फटिकांची प्रयोगशाळा उभी केली. तोवर समजूत अशी होती की द्रवस्फटिक व्हायचे तर रेणू कांडीसारखा लांबट हवा. चंद्रशेखर, बी. के. सदाशिव आणि के. ए. सुरेश यांनी १९७७ मध्ये ‘प्रमाण’ या भारतीय नियतकालिकात दाखवून दिले की चपटा, चकतीसारखा रेणूही द्रवस्फटिक होतो. बेंझिनचे कडे मधोमध आणि त्याभोवती सहा लवचिक शेपट्या, अशी त्या रेणूची घडण होती. या चकत्या नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींवर रचल्या जातात आणि तसे स्तंभ शेजारी शेजारी उभे राहतात. शोध मूलभूत होता. पडद्याशी त्याचा संबंध त्या वेळी कोणाच्या ध्यानीमनी असण्याचे कारण नव्हते.

संबंध जुळला तो जपानमध्ये, १९९० च्या दशकाच्या मध्यात. विचार अतिशय सुंदर आहे. कांडीच्या अक्षाच्या दिशेने अपवर्तनांक जास्त असतो, तर चकतीच्या अक्षाच्या दिशेने, म्हणजे तिच्या पृष्ठाला लंब दिशेने, तो कमी असतो. कांडीने तिरक्या प्रकाशात जो बिघाड केला, तोच चकती उलट चिन्हाने करते. मग टीएन थरातील कांड्या जशा काचेपासून मध्यापर्यंत क्रमाक्रमाने झुकत जातात, तशाच क्रमाने झुकणाऱ्या चकत्यांचा एक पातळ पटल वर चिकटवला तर? प्रत्येक झुकलेल्या कांडीच्या वाट्याला तिचा दोष फेडणारी एक चकती येईल. फुजी फोटो फिल्म या कंपनीने ट्रायफेनिलीनचा गाभा असलेल्या चकतीरेणूंचा असा पटल बाजारात आणला आणि टीएन पडद्यांचा उपयुक्त कोन लक्षणीय वाढला. स्वस्त टीएन मॉनिटर ज्या काळात घरोघरी पोहोचले, त्या काळात ते सुसह्य करण्यात या चकत्यांचा वाटा मोठा आहे.

ही कथा सांगताना समाजमाध्यमांवर एक ठरावीक सूर लागतो: शोध भारताचा, नफा परक्यांचा. तो सूर चुकीचा नसला तरी अपुरा आहे. १९७७ चा रेणू जसाच्या तसा पडद्यावर चिकटवता आला नसता. ट्रायफेनिलीनच्या चकत्यांवर फ्रान्समधील गटांनी लगेचच काम केले. स्तंभ न रचता केवळ दिशा पाळणाऱ्या चकत्या लागणार होत्या, आणि त्या एकदा योग्य झुकल्यावर प्रकाशाने जोडून तशाच गोठवायच्या होत्या. त्याखालचा आधार म्हणजे ट्रायॲसिटिल सेल्युलोज, छायाचित्रणाच्या फिल्मचाच पाया. अत्यंत पातळ, एकसारखे थर किलोमीटरच्या हिशेबाने चढवण्याची कला त्या कंपनीपाशी अनेक दशकांपासून होती. बेंगळूरुपाशी रेणू होता, पण त्याच्या शेजारी थर चढवणारा कारखाना नव्हता. उणीव बुद्धीची नव्हती. शेजारी जे असायला हवे होते, ते नव्हते.

चंद्रशेखर यांना हे उमगले असावे, असे त्यांच्या पुढील पावलावरून दिसते. १९९१ मध्ये त्यांनी द्रवस्फटिक संशोधन केंद्र सुरू केले, ते जलहळ्ळीत, भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या शेजारात. आज तीच संस्था नॅनो व मृदू पदार्थ विज्ञान केंद्र या नावाने ओळखली जाते. प्रयोगशाळा आणि कारखाना एका हाकेच्या अंतरावर असावेत, ही त्यामागची दिशा योग्य होती. मात्र एका संस्थेने एकट्याने उद्योगाची परिसंस्था उभी राहत नाही.

आता दुकानातील विद्यार्थ्याकडे परत जाऊ. टीएनचा दोष पटलाने फेडण्याऐवजी रचनाच बदलण्याचे दोन मार्ग निघाले. जपानच्या हिताचीने १९९० च्या दशकाच्या मध्यात बाजारात आणलेल्या आयपीएसमध्ये कांड्या उभ्या राहतच नाहीत. त्या काचेला समांतर प्रतलातच फिरतात, त्यामुळे डावीकडून आणि उजवीकडून त्या जवळजवळ सारख्याच दिसतात. रंग टिकतात, पण काळा पुरता काळा होत नाही. आयपीएसचे काँट्रास्ट गुणोत्तर, म्हणजे पांढऱ्या आणि काळ्या दीप्तीचे प्रमाण, साधारणतः १०००:१ असते. व्हीएमध्ये दाब नसताना कांड्या काचेला लंब उभ्या असतात. समोरून पाहता द्वि-अपवर्तन शून्य, म्हणून काळा खरोखर गडद, आणि गुणोत्तर ३०००:१ किंवा त्याहून अधिक. पण करड्या छटांत कांड्या झुकतात, बाजूने पाहिल्यास छटा फिकट होतात, आणि गडद छटांमधील बदल संथ असल्यामुळे हलत्या चित्रामागे सावली ओढली जाते. ओएलईडीमध्ये प्रत्येक पिक्सेल स्वतः प्रकाशतो आणि विझतो. काळा अगदी काळा, बदल अतिशय जलद; मात्र तासन्‌तास एकाच जागी राहणाऱ्या चित्राचा कायमचा ठसा उमटण्याची भीती राहते.

प्रत्येक रचनेत काही मिळते आणि काही सोडावे लागते. प्रश्न एवढाच की खोक्यावरचे आकडे ही देवाणघेवाण सांगतात काय? फारसे सांगत नाहीत. ‘१७८ अंश’ हा आकडा पाहावा. रूढ पद्धतीत पाहण्याच्या कोनाची मर्यादा म्हणजे काँट्रास्ट १०:१ पर्यंत घसरेपर्यंतचा कोन. समोरून १०००:१ असलेला पडदा शंभरपट खालावला तरी कागदावर उत्तीर्ण होतो. रंग किती बिघडला, याचा त्यात उल्लेखही नाही. म्हणूनच आयपीएस आणि व्हीए, दोहोंच्या खोक्यांवर तोच १७८ छापलेला असतो, जरी डोळ्यांना त्यांत फरक स्पष्ट दिसतो.

शिवाय ८९ अंशांवरून मॉनिटर कोण पाहतो? खरा प्रश्न लहान कोनांचा आहे. २७ इंची पडदा सुमारे ६० सेंटिमीटर रुंद असतो. तो ६० सेंटिमीटरवरून पाहणाऱ्याची नजर मधोमध असली तरी कडेचा पिक्सेल सुमारे २७ अंशांवर असतो, आणि वरची व खालची कड सुमारे १६ अंशांवर. म्हणजे एकटाच बसलेला माणूससुद्धा एकाच क्षणी अनेक कोनांतून पाहत असतो. टीएनवर एकाच रंगाची पट्टी वर एक आणि खाली दुसरी दिसते, ती याचमुळे. आलेखातील रंगपट्टीवरून तापमान वाचणाऱ्या किंवा सूक्ष्मदर्शकाच्या प्रतिमेत कडा शोधणाऱ्या विद्यार्थ्यासाठी हा सौंदर्याचा प्रश्न नाही, मोजमापाचा आहे.

काँट्रास्टचा आकडाही असाच अर्धा बोलतो. तो अंधाऱ्या खोलीत मोजलेला असतो. समजा पडद्याचा पांढरा २५० निट आहे. १०००:१ च्या पडद्याचा काळा ०.२५ निट आणि ३०००:१ चा सुमारे ०.०८ निट. आता खोलीत ३०० लक्सचा प्रकाश असेल आणि पडदा त्यातील २ टक्के सर्व दिशांना सारखा परावर्तित करत असेल, तर सुमारे १.९ निट दोन्हींत मिसळतील. नवे गुणोत्तर पहिल्याचे सुमारे ११७, दुसऱ्याचे सुमारे १२६. ओएलईडीचे ‘अनंत’ही याच हिशेबाने सुमारे १३२ वर येते. उजेडाच्या खोलीत तिप्पट आकड्याचे मोल इतके घटते. रात्री दिवा मालवून चित्रपट पाहणाऱ्यासाठी मात्र तोच फरक पूर्ण शिल्लक राहतो.

‘१ मिलिसेकंद’ हा तिसरा आकडा. एक पद्धत करड्या छटेतून दुसऱ्या छटेत जाण्याच्या दहा ते नव्वद टक्के टप्प्याचा काळ मोजते. दुसरी पद्धत मागचा दिवा लुकलुकवून डोळ्याला जाणवणारा अस्पष्टपणा मोजते. या दोन भिन्न राशी आहेत, तरी खोक्यावर दोन्ही मिलिसेकंदांतच छापल्या जातात. पदवीच्या प्रयोगवहीत मोजण्याची पद्धत न लिहिता नुसते उत्तर लिहिले तर गुण कापले जातात. बाजारात मात्र तसे उत्तर ठळक अक्षरांत छापले जाते.

आकड्यांपैकी एक तरी सरळ तपासता येतो. निरोगी डोळा साधारण एक कलामिनिटाचा तपशील वेगळा पाहतो. ६० सेंटिमीटरवर ते अंतर सुमारे ०.१७ मिलिमीटर भरते. २७ इंची फुल एचडी पडद्याचा पिक्सेल ०.३१ मिलिमीटरचा, २४ इंचीचा सुमारे ०.२७, २७ इंची १४४०पीचा ०.२३ आणि २७ इंची फोर-केचा ०.१६ मिलिमीटरचा. म्हणून दिवसभर शोधनिबंध आणि संगणकीय आज्ञावली वाचणाऱ्याने फुल एचडीत २७ इंच घेणे म्हणजे जास्त पैसे देऊन भरड अक्षरे घेणे. देवनागरीतील मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरे ज्याला रोज वाचायची आहेत, त्याला हा फरक आधी जाणवेल.

या सर्वांतून निवड बरीच सोपी होते. वाचन, लेखन, आलेख, प्रतिमांचे विश्लेषण यांसाठी आयपीएस, आणि इंचांपेक्षा पिक्सेलच्या घनतेला प्राधान्य. अंधाऱ्या खोलीत चित्रपट हा मुख्य उपयोग असेल तर व्हीए. ओएलईडी उत्तम, पण एकच चौकट दिवसाचे दहा तास उघडी ठेवणाऱ्याने हमीपत्रात ठशाविषयी काय लिहिले आहे, ते आधी वाचावे. टीएन केवळ वेगवान खेळांसाठी किंवा अगदी तुटपुंज्या रकमेत. दुकानात करण्याची चाचणीही सोपी आहे. संपूर्ण करडा आणि संपूर्ण काळा असे दोन पट लावावेत, आणि मान हलवून वरून, खालून, बाजूने पाहावे.

पण प्रत्येक ग्राहकाने भौतिकशास्त्र शिकूनच दुकानात जावे, अशी अपेक्षा न्याय्य नाही. भारतात मॉनिटरला सुरक्षिततेसाठी भारतीय मानक ब्युरोची नोंदणी लागते. विजेचा धक्का बसणार नाही, याची ती ग्वाही देते. चित्राविषयी काही सांगत नाही. शीतकपाटांवरील ताऱ्यांच्या चिठ्ठीने २००६ पासून सामान्य माणसाला ऊर्जेची तुलना करायला शिकवले. तशाच धर्तीवर पडद्याचा प्रकार, ३० अंशांवरील काँट्रास्ट व रंगबदल, आणि प्रतिसादकाळ मोजण्याची पद्धत छापणे बंधनकारक करता येईल. यावर आक्षेप असा घेतला जाईल की इतके आकडे कोण वाचणार? कदाचित थोडेच वाचतील. पण महाविद्यालयांसाठी शेकडो मॉनिटर एकगठ्ठा विकत घेणाऱ्या समित्या त्या थोड्यांत असतील. निविदेत केवळ इंच आणि किंमत लिहिली, तर सर्वांत स्वस्त पडदा येणार हे ठरलेलेच. मग ज्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्याला अचूक पाहायला शिकवायचे, तेथेच त्याच्यापुढे वर एक आणि खाली दुसरा रंग दाखवणारा पडदा ठेवला जातो.

दुसरी शिकवण धोरणाची. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने अर्धवाहक आणि पडदे यांच्या उद्योगासाठी ७६,००० कोटी रुपयांचा कार्यक्रम जाहीर केला. मे २०२५ मध्ये उत्तर प्रदेशातील जेवर येथे पडदे चालवणाऱ्या चिप तयार करण्याच्या प्रकल्पाला मंजुरी मिळाली. हे स्वागतार्ह आहे. परंतु पडदा म्हणजे केवळ काच आणि चिप नव्हे. द्रवस्फटिकांची मिश्रणे, ध्रुवक, रेणूंना दिशा देणारे लेप, दोष फेडणारे पटल, अशा अनेक न दिसणाऱ्या थरांची ती रचना आहे, आणि त्यांतले बरेच थर जगातील मोजक्या कंपन्या पुरवतात. संपूर्ण पडद्याचा कारखाना उभारण्यासाठी प्रचंड भांडवल लागते. एखाद्या थराचा कारखाना त्या मानाने लहान असतो, आणि तेथे रसायनज्ञाचे व भौतिकशास्त्रज्ञाचे ज्ञान थेट मोलाचे ठरते. ज्या देशात पन्नास वर्षे द्रवस्फटिकांचे संशोधन चालू आहे, त्याने पहिला पाय तेथे रोवणे शहाणपणाचे आहे.

द्रवस्फटिकांचे दिवस भरले, आता सारे ओएलईडी होणार, असेही म्हटले जाईल. पण बाहेरचा उजेड परत डोळ्यांत येऊ नये म्हणून अनेक ओएलईडी पडद्यांवरही ध्रुवक आणि द्वि-अपवर्तन करणारा पटल बसवलेला असतो. चकत्यांच्या स्तंभांतून विद्युतभार वाहतो, म्हणून सेंद्रिय अर्धवाहक म्हणून त्यांचा अभ्यास वेगळा चालू आहे. पडद्याचे तंत्र बदलेल, प्रकाशाचे नियम तेच राहतील.

चंद्रशेखर २००४ मध्ये निवर्तले. त्यांच्या शोधाचा अभिमान बाळगणे सोपे आहे. दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, तसा संदेश पुढे पाठवला की काम भागते. त्याहून अवघड, आणि त्याहून उपयोगी, काम दोन ठिकाणी आहे. दुकानात उभ्या असलेल्या विद्यार्थ्याने ‘हा आकडा कसा मोजला?’ असे विचारावे. आणि निधी वाटणाऱ्या समितीने ‘या रेणूच्या शेजारी थर चढवणारा कोण आहे?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाने एक मॉनिटर बरा मिळेल. दुसरा प्रश्न १९७७ नंतर वेळेवर विचारला गेला असता, तर त्या मॉनिटरमधील एखादा थर तरी आज बेंगळूरुचा असता.